रोगाचं विरजण

माझ्या लग्नात वडिलांनी मला गाय आंदण दिली. आमच्या दुधनीकडे, कानडी मुलखाच्या सीमेवर, तशी रीत होती. ज्याच्या दावणीला गाय आहे त्याने लेकीला नुसत्या भांड्यांवर पाठवलं, तर भावकी तोंड वाकडं करायची. पुढे माझ्या दागिन्यांवरून दोन्ही घरांत पुष्कळ कुजबुज झाली, भांडी तर चुलतसासूबाईंनी बोटाने वाजवून बघितली, पण गाईबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार तरी काय? देवणी गाय, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लांब लोंबते कान आणि डोळे असे की माझ्यापेक्षा तीच नवरी शोभली असती. हे माझं म्हणणं नव्हे. वरातीत नवऱ्याचे मित्र तसं म्हणाले होते आणि मी त्याचा राग बरीच वर्षं धरून होते.

मी एसटीने आले, गाय मागाहून मालट्रकने आली. दुष्काळ सरून नुकतं कुठे हिरवं दिसायला लागलं होतं. सोलापुरात आम्हा दोघींची गत एकच झाली. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की ती दावं ताणून उभी राहायची आणि मी अंथरुणात दचकून उठून बसायची. आमच्या बोळात दिवसभर मागांचा खडखडाट चाले. गावाकडे संध्याकाळ झाली की सगळं शांत होतं हे आम्हा दोघींनाच माहीत होतं. त्यातून गाईला मराठी कळत नव्हती. ‘ये’ म्हटलं तर हलायची नाही, ‘बा’ म्हटलं की लगेच पुढे यायची. मी घरात अडखळत मराठी बोलायची आणि गोठ्यात जाऊन मनसोक्त कानडी बोलून घ्यायची. तशी सासरीही कानडी होतीच, पण ती वेगळ्या कामाला ठेवलेली होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लाड मराठीत करायच्या आणि रागावायच्या कानडीत. पहिल्या महिन्यात माझ्या वाट्याला जवळजवळ सगळी कानडीच आली.

आत्याबाई म्हणजे उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. सासरे केव्हाच गेलेले. माझे यजमान भुसार दुकान सांभाळायचे आणि आत्याबाई यजमानांना, दुकानाला, मला आणि निम्म्या बोळाला सांभाळायच्या. सकाळी आंघोळ झाली की त्या ओलेत्याने पाटावर बसत, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवत आणि पूजा करत. त्या पूजेला त्यांना घरच्या गाईच्या दुधाचे चार थेंब लागत. गवळ्याच्या म्हशी रोज आमच्या बोळातून फिरायच्या, दाराशी उभ्या राहून धार काढून मिळायची, घरात दुधाला तोटा नव्हता. पण ते म्हशीचं दूध, आणि तेही परक्याचं. घरची गाय दुष्काळात गेली तेव्हापासून आत्याबाई कुणाकुणाकडून गाईचं दूध मागून आणायच्या, आणि मागताना त्यांच्या जिवावर यायचं. मागणं हा त्यांचा स्वभावच नव्हता.

त्यामुळे माझी गाय त्या घरात माझ्याआधी रुजली. सोलापुरातच ती व्याली, कालवड झाली. चिकाचे दिवस संपून दूध निवळलं तेव्हा आत्याबाईंनी ते पहिल्यांदा पूजेला घेतलं आणि पूजेवरून उठून थेट गोठ्यात गेल्या. गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "लई वाट बघायला लावलीस की गं." मग माझ्याकडे वळून, "आन तुझ्या भाकरीला जरा पाणी जास्त घाल. कडक भाकरी येगळी आन वाळका कडबा येगळा." हे त्या मराठीत बोलल्या. मला एवढा आनंद झाला की टोमणा लक्षातच आला नाही.

बोळात सगळे तिला ‘सुनेची गाय’ म्हणू लागले. आणि दही! आत्याबाईंचं विरजण त्यांच्या सासूबाईंच्या वेळेपासून चालत आलेलं होतं. रोजच्या दह्यातलं चमचाभर मागे ठेवायचं, त्यावर उद्याचं लावायचं, असं ते मोडू न देता चाललेलं. मातीच्या बोळक्यातलं ते दही सुरीने कापावं असं लागायचं. शेंगाची चटणी, गरम भाकरी आणि ते दही, एवढ्यावर माझ्या त्या वर्षांतल्या निम्म्या आठवणी उभ्या आहेत. आज घरात डब्यातलं दही येतं, गोड असतं, पांढरं असतं, त्याला नावं ठेवण्यासारखं काही नाही. मी खाते. पण ते मला काहीच आठवू देत नाही.

शेजारी विणकरांचं तेलुगू घर होतं. त्यांच्या घरातली थोरली बाई हातात पितळेची वाटी घेऊन दारात उभी राहायची. "अक्का, विरजण." आत्याबाई भरभरून द्यायच्या. बोळातल्या किती घरांचं दही आमच्या दह्याची लेक होतं, ते त्या बोटांवर मोजून दाखवायच्या.

पुढच्या पावसाळ्यात एके दिवशी सकाळी मी धार काढायला बसले आणि गाईने लाथ झाडली. तिने तसं कधी केलं नव्हतं. मागचा डावा सड तापलेला, त्यावरची कास हाताला दगडासारखी लागत होती. दोन-चार थेंब पिळले तर दुधाच्या जागी पिवळट पाणी आणि त्यात चोथ्यासारख्या गुठळ्या. मी आत्याबाईंना हाक मारली. आत्याबाई आल्या, हात लावला आणि म्हणाल्या, "दगडी झालीया." कासेला होणाऱ्या या रोगाला आमच्याकडे दगडीच म्हणतात. कोरफड, हळद आणि चुना कालवून त्यांनी लेप दिला. तो गार पडायच्या आत कास पुन्हा तापायची. शेवटी यजमानांनी जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टरांना आणलं.

डॉक्टर तरुण होते, सायकलवर आले, पँटला क्लिप लावलेली. त्यांच्या पिशवीतून लांब चोचीच्या बारीक ट्यूबा निघाल्या. सड पुसून चोच त्याच्या तोंडात घालायची आणि मलम आत सोडायचं. पेनिसिलीन हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "सकाळ-संध्याकाळ ट्यूब," ते म्हणाले. "आणि हे नीट ऐका, मावशी. दूध स्वच्छ दिसायला लागलं तरी थांबायचं नाही. दिल्यात तेवढ्या सगळ्या संपवायच्या. तोवर चारही सडांचं दूध टाकून द्यायचं."

"चारीबी?" आत्याबाई म्हणाल्या. "रोग तर येकाला हाय."

"औषध अंगात भिनतं, मावशी."

ते औषध म्हणजे चमत्कारच होता. दुसऱ्या दिवशी गाईने वैरणीत तोंड घातलं, तिसऱ्या दिवशी कास मऊ. आत्याबाईंनी रिकाम्या ट्यूबला हात जोडले. मला हसू आलं, पण मीही मनातल्या मनात जोडलेच होते. त्या काळात असं वाटायचंच. आमच्या आईच्या वेळी ज्या दुखण्यांना लोक देवाचं नाव घेऊन बसत, ती आता एका सुईने जात होती. कुणाला काही झालं की ‘पेनिसिलीन द्या’ असं दुकानात बसलेली माणसंही सांगायची.

एवढं सगळं नीट चाललं असताना चारी सडांचं दूध टाकायचं, या सांगण्यावर आत्याबाईंचा काही विश्वास बसेना. रोगी सडाचं दूध त्यांनी टाकलं, बाकी तिघांचं मुकाट्याने तापवून विरजलं. सकाळी बोळकं उघडलं तर दूध जसंच्या तसं. वास नाही, आंबटपणा नाही, कवडी तर नाहीच. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. आणि त्या गडबडीत जुन्या दह्यातलं शेवटचं विरजणही त्यातच गेलेलं! सासूच्या हातून आलेलं विरजण मोडलं म्हटल्यावर आत्याबाई दोन वेळ जेवल्या नाहीत. शेवटी मला त्यांनी पितळेची वाटी दिली आणि शेजारच्या तेलुगू बाईंकडे पाठवलं. स्वतः गेल्या नाहीत. ती बाई हसली नाही, वाटी भरून दिली आणि म्हणाली, "आपलंच हाय ना, अक्काचं." घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आत्याबाईंनी पदराने डोळे टिपले आणि मग मला कानडीत रागावल्या, वाटी भरून आणली म्हणून.

पण त्यातून त्यांनी एक युक्ती काढली. दूध औषधाचं आहे की नाही हे बघायला वाटीभर वेगळं विरजायचं. दही लागलं तर औषध गेलं, नाही लागलं तर अजून आहे. डॉक्टरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे. दही लावणारे जंतूही जंतूच. औषध त्यांनाही मारतं." आत्याबाईंना जंतू हा शब्द दह्याला लावलेला आवडला नाही. पण युक्ती खरी ठरली याचं समाधान होतं.

आणि ही युक्तीच पुढे गाईच्या मुळावर आली.

झालं असं. जोवर औषध चालू, तोवर पूजेला दूध नाही. पुन्हा वाटी घेऊन परक्या दारी जाणं आलं, आणि तेही घरात गाय असताना. आत्याबाईंनी एक हिशेब मांडला. दूध पांढरंशुभ्र दिसायला लागलं म्हणजे रोग गेला. रोग गेल्यावर निर्मळ दुधात औषध कालवायचं म्हणजे देवाच्या वाट्याचं नासवायचं. "बरी झालीया ती," त्या म्हणाल्या. "बऱ्या जनावराला कशाला औशीद?" दूध निवळलं त्याच संध्याकाळी ट्यूब बंद. मग वाटीभर दही लावून बघायचं, ते लागलं की दुसऱ्या दिवशी दूध पूजेला. उरलेल्या ट्यूबा कोनाड्यात, कपड्यात गुंडाळून, पुढच्या वेळेला.

पुढची वेळ आली. दिवाळीच्या आसपास त्याच सडाला पुन्हा गाठ. डॉक्टरांना बोलावण्याचं कारणच नव्हतं, औषध घरात होतं. कोनाड्यातल्या ट्यूबा सोडल्या, दूध निवळलं, ट्यूब बंद, वाटी, दही, पूजा. उन्हाळ्यात परत तेच, कोनाड्यातल्या संपल्या तेव्हा यजमानांनी औषधाच्या दुकानातून नव्या ट्यूबा आणून दिल्या. या खेपेला दूध निवळायला जरा उशीर झाला, एवढंच. बोळात आणखी दोन घरी गाई होत्या, त्यांनाही आत्याबाईंनी उरलेली एकेक ट्यूब देऊन टाकली. औषध देण्यात त्यांना विरजण दिल्याचाच आनंद व्हायचा. लोक दुवा द्यायचे. कुणालाही, अगदी कुणालाही, यात काही वावगं दिसत नव्हतं. पूजा चुकत नव्हती, गाय बरी होत होती, माझ्या माहेरचं नाव राहत होतं.

चौथ्या खेपेला औषध चाललं नाही.

सकाळी ट्यूब, संध्याकाळी ट्यूब, कास तशीच. सुजेवर सूज. दुधात रक्ताचा तांबूस पट्टा दिसायला लागला. गाय मान टाकून उभी राही. मी जवळ गेले की कान हलवायची, तेवढंच. मी रोज संध्याकाळी गूळ-बाजरीचं आंबोण तिच्यापुढे धरून बसायची आणि ती मला बरं वाटावं म्हणून एक घास घेतल्यासारखं करायची. त्या दिवसांत वडिलांचं पोस्टकार्ड आलं, ‘आकळ कशी आहे’. आमच्याकडे गाईला आकळ म्हणतात. माझी खुशाली त्याखालच्या ओळीत विचारली होती. मला उत्तर लिहवेना.

यजमान डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी कास दाबून बघितली, मग कोनाड्यातल्या ट्यूबांकडे बघितलं, मग आत्याबाईंकडे. मी त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. उकळलेल्या बाटलीत दूध घेतलं, बूच लावलं आणि ते पुण्याला तपासायला पाठवतो म्हणाले. उत्तर यायला वेळ लागला. तोवर आत्याबाई रोज पूजेला बसत आणि पूजा झाल्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ तशाच बसून राहत.

उत्तर घेऊन डॉक्टर आले ती दुपार मला स्वच्छ आठवते. ओसरीवर बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले की या रोगाचे जंतू आता पेनिसिलीनला जुमानत नाहीत.

"जुमानत न्हाईत म्हंजे? औशीद जुनं व्हतं का?" यजमानांनी विचारलं.

"औषध चांगलंच होतं. हे बघा, सडात जंतू असतात पुष्कळ, सगळे सारखे नसतात. काही लेचेपेचे, काही चिवट. पहिल्या दोन दिवसांत लेचेपेचे मरतात. दूध पांढरं दिसतं, आपल्याला वाटतं गेला रोग. पण चिवट अजून आत असतात. त्यांना मारायला पुढच्या ट्यूबा होत्या. त्या तुम्ही कोनाड्यात ठेवल्या. मग त्या चिवटांची पैदास झाली. पुढच्या खेपेला त्यांतलेही थोडे मेले, त्याहून चिवट राहिले. आता आत आहेत ते सगळे तेच."

आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. मला वाटलं आता कानडी सुरू होणार. त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे दर बारीला मी चमचाभर मागं ठिवलं."

डॉक्टरांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"दह्याचं ठिवावं तसं," त्या म्हणाल्या. "रोगाचं विरजण राखलं म्हना की मी."

डॉक्टर चांगल्या स्वभावाचे होते. ‘तसं नाही हो मावशी’ असं ते म्हणालेही असते, पण ते तसंच होतं, म्हणून त्यांनी कागद काढून दुसऱ्या औषधाचं नाव लिहायला घेतलं. मला त्या क्षणी आत्याबाईंचा भयंकर राग यायला हवा होता. माझ्या वडिलांची गाय होती ती. राग आलाही होता, सकाळपासून मी भांडी आपटत होते. पण त्या उंबऱ्यावर बसलेल्या बाईकडे बघून तो टिकेना. देवाला निर्मळ द्यावं यापलीकडे तिने काही मागितलं नव्हतं.

आज माझी नातवंडं डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दोन दिवस घेतात आणि बरं वाटलं की पाकीट खणात टाकतात. मी ते पाकीट काढून त्यांच्यापुढे धरते आणि शेवटची गोळी गिळेपर्यंत हलत नाही. आजीला वेड लागलंय म्हणतात. म्हणोत. त्यांनी ती ओसरी बघितलेली नाही.

डॉक्टरांनी दुसरं औषध आणवलं. कसंबसं मिळालं ते, आणि ट्यूबांबरोबर सुयाही होत्या. या खेपेला आत्याबाईंनी सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. चारी सडांचं दूध त्या स्वतः उकिरड्याशी खड्डा करून ओतून यायच्या. पूजेला त्यांनी कुणाकडूनच दूध आणलं नाही. हातावरच्या लिंगावर नुसतं पाणी घातलं, रोज. मी शेजारून गाईचं दूध आणते म्हटलं तर म्हणाल्या, "बेडा, नगं. पाण्यानंच व्हऊ दे." दूध निवळलं तेव्हा माझाच हात आखडला, पुरे झालं असं तोंडात आलं होतं. आत्याबाईंनी ट्यूब माझ्या हातात दिली आणि त्या समोर उभ्या राहिल्या. सगळ्या संपल्या. कोनाडा पुसून रिकामा केला.

तीन सड वाचले. चौथा मेला. कास त्या बाजूला आकसून सुकली. डॉक्टर म्हणाले, "त्या सडाची आशा सोडा. बाकीचं दूध चांगलं आहे. पण ते जंतू अजून आत कुठेतरी दडलेले असू शकतात. कालवड मोठी होईल, उद्या दुसरी गाय घ्याल, धार काढणाऱ्याच्या हातावरून रोग त्यांना जाईल. ठेवणार असाल तर हिची धार सगळ्यांत शेवटी, हात औषधाच्या पाण्यात धुऊन, कायमचं. तेवढं जमणार नसेल तर गाय काढा."

यजमानांनी काढायचं ठरवलं. ते वाईट नव्हते, व्यवहारी होते. शिवाय त्यांना वाटत होतं की आईला ती गाय डोळ्यांसमोर नको असेल. माझ्याशी ते याबद्दल बोललेच नाहीत. मला कळलं ते थेट दलाल दारात उभा राहिला तेव्हा. जनावरांच्या बाजारातला माणूस, खांद्यावर उपरणं, तोंडात तंबाखू. तो गोठ्यात गेला आणि गाईच्या दातांना, शिंगांना, शेपटीला हात लावायला लागला. मी चुलीपाशी बसले होते. तवा तापून लाल झाला तरी भाकरी टाकायचं भान नव्हतं. माहेरी काय सांगू, हे डोक्यात फिरत होतं. आणि खरं सांगायचं तर माहेराचंही निमित्त होतं. ती गेली की त्या घरात मी एकटी पडणार होते.

त्यातच चुलतसासूबाई आलेल्या. त्यांना अशा वेळी बरोबर वास लागायचा. ओसरीवर बसून म्हणाल्या, "बरं केलंसा. खोड असलेली गाय. तिचं दूध तसंबी आता देवाला चालायचं न्हाई. मग दारात ठिवून काय करायचं?"

यजमान मान हलवत होते. दलाल गोठ्यातून म्हणाला, "तीन सडावं कुणी घेत न्हाय मालक. पर बाजारात कासंला तेल लावून उभी केली तर खपवतो मी."

आत्याबाईंची आंघोळ नुकतीच झाली होती. केस ओले, विभूतीही लावलेली नव्हती. त्या तशाच ओसरीवर आल्या.

"खपवतो म्हंजे?" त्यांनी विचारलं. "कुनाच्या गोठ्यात?"

"आता ते कसं सांगू, आई? घेईल त्याच्या."

"त्याच्या गोठ्यात तिच्या पोटातला रोग जाणार. त्याच्या औशदाला बी मरणार न्हाई. मी पाळलाय त्यो. दुसऱ्याच्या घरात कशाला धाडू?" मग यजमानांकडे वळून, "शेवटी धार काढायची ना? मी काढीन. हात धुवायचं ना? धुईन की. माझं हात काय झिजत्यात?"

"अव्वा, पर तीन सडांची गाय..." यजमान म्हणाले. "देवाला तरी..."

"देवाचं मला सांगतूस?" आत्याबाईंनी पूजेच्या ताटातून एक पान उचललं आणि चुलतसासूबाईंच्या पुढ्यात धरलं. "हे काय हाय? बेल हाय न्हवं? किती पानं हायती त्याला? देवाला तीन पानांचा बेल चालतो, त्यानं तीन सडांची गाय नको म्हनायची?"

चुलतसासूबाई पदर सावरत उठल्या आणि चपला शोधू लागल्या. दलालाने उपरणं झटकलं, यजमानांकडे एकदा बघितलं आणि तो बोळातून निघून गेला.

मी तवा खाली उतरवला आणि गोठ्यात पळाले. गाय कान पाडून उभी होती. तिच्या गळ्याला मिठी मारून मी जी रडले ती लग्नाच्या दिवशीसुद्धा रडले नव्हते. माहेरचं, सासरचं, दोन वर्षांचं सगळं त्या पांढऱ्या मानेवर पुसून टाकलं. तिने मान हलवली नाही.

आतून आत्याबाईंची हाक आली. कानडीत नव्हती.

"रडून झालं असंल तर हात धू आन चार थेंब काढ. देव थांबलाय कवाचा."